गिअर हाताने टाकायचा की बोटाने? हा वाद घालण्याआधी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांची गोष्ट वाचा

सोलापूरहून तुळजापूरला गाडी काढली की वाटेत तामलवाडी लागते. सोलापूर जिल्हा मागे पडलेला असतो, धाराशिव सुरू झालेला असतो आणि समोर टोलनाका दिसतो. या नाक्यावर पाच मिनिटं उभं राहा आणि गाड्यांचा फक्त निघतानाचा आवाज ऐका. मालाने भरलेला ट्रक क्लच सोडत, धडधडत पहिल्या गिअरमध्ये निघतो. त्याच्या मागची ऑटोमॅटिक एसयूव्ही आवाज न करता सुळकन पुढे जाते. नाका दोघीही ओलांडतात. फरक एवढाच की एकीत गिअर माणूस टाकतो आणि दुसरीत मशीन.

गाडीवेड्यांच्या दुनियेत यावरून कायमचं भांडण आहे. स्पोर्ट्स कारला मॅन्युअल गिअर हवा की पॅडल शिफ्ट? एक पार्टी म्हणते, क्लच दाबून हाताने गिअर टाकला नाही तर गाडी चालवली असं म्हणायचंच कशाला. दुसरी पार्टी म्हणते, वेगच हवा असेल तर माणसाचा हात मध्ये आणायचाच कशाला.

या भांडणात आपल्याकडच्या एका माणसाचं नाव कुणी घेत नाही. घेण्याचं कारणही वरवर दिसत नाही, कारण रेसिंगमध्ये पॅडल शिफ्टची पहिली गाडी जिंकली त्याच्या ३६ वर्षं आधीच ते गेले होते. पण गिअर कुणी टाकायचा, या प्रश्नाच्या अलीकडचा एक प्रश्न आहे. तो गिअरबॉक्स बनवायचा कुणी? या प्रश्नामागे त्यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं घातली. ते म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद.

आधी भांडण काय आहे ते समजून घेऊ

इंजिन एका ठरावीक फेऱ्यांमध्येच नीट ताकद देतं. गाडी उभी असताना चाकांना जोर लागतो, पळायला लागली की वेग लागतो. ही जुळवाजुळव गिअरबॉक्समधली दातेरी चाकं करतात. मॅन्युअलमध्ये डाव्या पायाने क्लच दाबायचा, म्हणजे इंजिन आणि चाकांचा संबंध क्षणभर तुटतो. तेवढ्यात हाताने दांडा हलवायचा आणि क्लच सोडायचा. ड्रायव्हर मुरलेला असला तरी यात काही क्षण जातातच.

पॅडल शिफ्टमध्ये स्टिअरिंगच्या मागे दोन पट्ट्या असतात. सहसा उजवी ओढली की गिअर वर, डावी ओढली की खाली. बोटाने फक्त हुकूम जातो, क्लच आणि गिअर हलवायचं काम यंत्रणा करते. आजच्या बऱ्याच वेगवान गाड्यांत ड्युअल क्लच असतो. एका क्लचवर १, ३, ५ हे गिअर आणि दुसऱ्यावर २, ४, ६. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच तयार ठेवलेला असतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत बदल होतो. माणसाचा हात इथे हरतो, त्यात वाद नाही.

तरीही मॅन्युअल मेला नाही. पोर्शेने २०१३मध्ये ९११ जीटी३ ही गाडी फक्त पॅडलवाल्या गिअरबॉक्समध्ये आणली. चाहते नाराज झाले. शेवटी २०१७च्या नव्या आवृत्तीत कंपनीला मॅन्युअलचा पर्याय परत द्यावा लागला. म्हणजे प्रश्न नुसत्या वेगाचा नाही. गाडी कुणाच्या ताब्यात आहे, याचा आहे.

आता हाच ताब्याचा प्रश्न घेऊन शंभर-सव्वाशे वर्षं मागे जाऊ.

येडशीची रेल्वे लाइन

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ला सोलापुरात झाला. घर गुजराती भाषिक जैन दोशींचं. सावकारी आणि कापसाचा धंदा जोरात होता. मुंबई-पुण्याला कॉलेजही झालं, पण डिग्रीपर्यंत काही ते पोहोचले नाहीत. घरच्या पेढीवर बसून हिशेब करत राहिले असते तरी आयुष्य आरामात गेलं असतं. त्यांचं मन त्यात रमेना.

अशात त्यांची गाठ लक्ष्मणराव फाटक यांच्याशी पडली. फाटक हे रेल्वेतले माजी कारकून, त्यांना कंत्राटांची कामं माहीत होती. वालचंद यांच्याकडे भांडवल उभं करायची सोय होती. दोघांनी भागीदारी केली आणि पहिलं काम मिळालं ते बार्शी लाइट रेल्वेचं. येडशी ते तडवळे हा छोटा तुकडा बांधायचा होता.

ही दोन्ही गावं आजच्या धाराशिव जिल्ह्यात येतात. तेव्हा हा भाग निजामाच्या राज्यात होता. आज सोलापूरहून निघालेला हायवे तामलवाडी, तुळजापूर, धाराशिव करत येडशीला जातो. म्हणजे तामलवाडीच्या नाक्यावरून तुम्ही पुढे जाता, तेव्हा वालचंद यांच्या जन्मगावाकडून त्यांच्या पहिल्या साइटकडे चाललेले असता.

त्या छोट्या तुकड्यापासून कामं वाढत गेली. पुढे भोर घाटातले रेल्वेचे बोगदे आले, सिंधू नदीवरचा कालाबागचा पूल आला. १९२६मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. कोयना धरण आणि मुंबईचा वांद्रे-वरळी सी लिंक बांधणारी एचसीसी ती हीच.

आधी जहाज, मग विमान

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा हिंदुस्थानचा समुद्री व्यापार जवळपास सगळा ब्रिटिश कंपन्यांच्या हातात होता. कापूस आपला, बंदर आपलं, पण जहाज त्यांचं आणि भाडंही त्यांनीच ठरवायचं.

वालचंद यांनी नरोत्तम मोरारजी आणि इतर भागीदारांसोबत १९१९मध्ये सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडचं लॉयल्टी हे जहाज विकत घेतलं. ५ एप्रिल १९१९ला ते मुंबईहून इंग्लंडच्या दिशेने निघालं. आज ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो तो याच सफरीमुळे.

पण पुढची वाट सरळ नव्हती. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडली. नव्या कंपनीने तोटा किती सोसायचा? १९२३मध्ये सिंधियाला तडजोडीचा करार करावा लागला. त्यात ती कुठल्या मार्गांवर चालणार आणि किती वाढणार, यावर बंधनं आली. कंपनी जिवंत राहिली, पण वालचंद यांना एक धडा मिळाला. जहाज विकत घेणं पुरेसं नाही, ते बांधताही आलं पाहिजे.

म्हणून विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना आला. २१ जून १९४१ला राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पायाभरणी झाली. तिथे बांधलेलं जलउषा हे जहाज १४ मार्च १९४८ला पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं.

विमानाचंही तसंच. १९३९मध्ये अमेरिकेहून परतीच्या प्रवासात त्यांची भेट विल्यम पॉली या अमेरिकन विमान व्यावसायिकाशी झाली. त्यातून विमानाच्या कारखान्याची कल्पना निघाली. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि पैसा दिला. डिसेंबर १९४०मध्ये बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली. आज आपण जिला एचएएल म्हणतो तिची ही सुरुवात. पण जपान युद्धात उतरला आणि १९४२मध्ये सरकारने वालचंद यांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना स्वतःकडे घेतला.

आता राहिली गाडी. आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त अडवणूक इथेच झाली.

खोक्यातून येणारी मोटार

आपल्याकडे मोटारी तयार होत नव्हत्या, पण जोडल्या मात्र जात होत्या. जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. फोर्डचेही इथे असे कारखाने होते. सुटे भाग खोक्यांत भरून जहाजाने यायचे आणि इथले कामगार ते जोडून गाडी उभी करायचे.

वरून बघणाऱ्याला वाटायचं, कारखाना आहे, म्हणजे गाडी इथेच बनते. पण इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल हे सगळं बाहेरचं. बोल्ट आवळणं एक आणि गिअरचे दाते कापणं दुसरं. दाते कापायला खास पोलाद लागतं, ते तापवून कठीण करावं लागतं, केसाच्या जाडीपेक्षा कमी फरकाची मोजमापं सांभाळावी लागतात. तसे कारागीर, तशी मशीन्स आणि तसे छोटे कारखाने आजूबाजूला असावे लागतात. हे ज्या देशाला जमलं तो देश उद्या ट्रक, ट्रॅक्टर, रणगाडा काहीही करू शकतो. वालचंद यांना हवं होतं ते हे.

सर विश्वेश्वरय्या यांनीही १९३०च्या दशकात देशी मोटार कारखान्याची योजना आखली होती. दोघं एकाच विचाराचे. मुंबई प्रांतात १९३७ला काँग्रेसचं सरकार आलं आणि त्याने या योजनेला अनुकूलता दाखवली. पण १९३९मध्ये महायुद्ध सुरू झालं, काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि तो आधार गेला.

वालचंद अमेरिकेत फोर्डशी बोलून आले, ते जमलं नाही. क्रायस्लर कंपनी तयार झाली. पण ब्रिटिश सरकारकडून हव्या त्या सवलती मिळेनात. युद्धकाळात लष्कराला हजारो गाड्या लागत होत्या आणि तरीही देशी कारखान्याला हात द्यायची दिल्लीची तयारी नव्हती.

शेवटी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना आला. मार्च १९४७मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या पाच महिने आधी, तिथून पहिली गाडी बाहेर पडली. क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ, फार्गो या नावांच्या गाड्या आणि ट्रक इथे जोडले जाऊ लागले.

लक्षात घ्या, सुरुवात त्यांनाही जुळणीपासूनच करावी लागली. ज्या खोक्यांवर त्यांचा राग होता तीच खोकी आधी कुर्ल्यात उघडावी लागली. फरक हेतूचा होता. एकेक भाग इथे बनवत न्यायचा, असा प्रीमियरचा बेत होता.

पण वेळ त्यांच्या हातात नव्हता. १९४९मध्ये वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५०मध्ये त्यांनी कामातून निवृत्ती घेतली. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची शेवटपर्यंत काळजी घेतली. ८ एप्रिल १९५३ला गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं.

त्याच वर्षी टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. गाडी इथे खरोखर बनवायचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे त्याच कंपन्यांनी इथे राहावं, असं धोरण ठरलं. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी १९५४पर्यंत गाशा गुंडाळला. वालचंद जे पंधरा वर्षं मागत होते ते त्यांच्या मृत्यूच्या वर्षी मंजूर झालं.

गिअर स्टिअरिंगला असलेली गाडी

प्रीमियरने इटलीच्या फियाटशी करार केला होता. १९५४पासून कुर्ल्यात फियाट ११०० येऊ लागली. पुढे १९६४ला तिची डिलाइट आली. १९७०च्या दशकात फियाटचं नाव गेलं, गाडी आधी प्रेसिडेंट झाली आणि १९७४मध्ये पद्मिनी. घरातल्या मोठ्यांना विचारा, ते तिला अजूनही फियाटच म्हणतात.

या गाडीचा गिअर खाली नव्हता. स्टिअरिंगच्या दांड्याला डाव्या बाजूने एक बारीक दांडी निघायची. चार गिअर तिथूनच पडायचे. नेहमीच्या गिअरचा एच आकार जमिनीवर आडवा असतो, इथे तो हवेत उभा असायचा. नव्या माणसाला दुसरा गिअर सापडेपर्यंत घाम फुटायचा.

हे असं का? कारण पुढे सलग बाकासारखी सीट होती. मध्ये गिअरचा दांडा नसल्यामुळे पुढे ड्रायव्हर धरून तिघं बसायचे. तुळजापूरला कुटुंबकबिला घेऊन निघालेल्या माणसाला याहून मोठी सोय कोणती?

पण या सोयीची किंमत होती. दांडी स्टिअरिंगला आणि गिअरबॉक्स खाली दूर. मध्ये सळया आणि सांधे. ते झिजले की गिअर सैल लागायचा, कधी अडकून बसायचा. म्हणूनच वेगवान गाड्यांनी ही पद्धत टाळली. त्यांना गिअरबॉक्सच्या जवळचा, हाताला थेट जाणवणारा दांडा हवा होता.

आता गंमत बघा. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. त्याची मूळ जात १९३७च्या फियाट ५०८ सी या गाडीपर्यंत जाते. एन्झो फेरारी अल्फा रोमिओमधून बाहेर पडले, तेव्हा त्यांनी १९४०च्या मिले मिलिया शर्यतीसाठी ८१५ नावाची गाडी केली. ती याच फियाट ५०८ सीचे भाग वापरून. म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी आणि फेरारींची स्वतंत्र झाल्यावरची पहिली गाडी ही लांबची का होईना, भावंडं आहेत.

पुढे या भावंडांच्या वाटा फुटल्या. फेरारीच्या फॉर्म्युला वन संघात जॉन बर्नार्ड या डिझायनरने गिअरच्या सळयाच काढून टाकायचं ठरवलं. दांडा आणि सळया नसल्या तर कॉकपिट अरुंद करता येईल, असा त्याचा हिशेब होता. मधलं काम वायर, व्हॉल्व्ह आणि तेलाचा दाब करणार होते. ही गाडी शर्यत पूर्ण करेल की नाही, याची संघातच धाकधूक होती. २६ मार्च १९८९ला ब्राझीलमध्ये नायजेल मॅन्सेलने ती पहिल्याच शर्यतीत जिंकून दाखवली. १९९७मध्ये हेच तंत्र एफ३५५ या रस्त्यावरच्या फेरारीत आलं. आज फेरारीच्या शोरूममधल्या नव्या गाड्यांत मॅन्युअल सापडत नाही.

दोन्हीकडे गिअर स्टिअरिंगपाशीच. पण पद्मिनीत सळया होत्या, फेरारीत वायर होती. एका गाडीतली गोष्ट दर वर्षी बदलत होती, दुसरीतली तीन दशकं जवळपास तशीच राहिली.

मग चुकलं कुठे?

इथे वालचंद यांच्या गोष्टीला कडू बाजू आहे आणि ती सांगायला हवी.

देशी कारखान्याला संरक्षण द्या, ही त्यांची मागणी होती. ती मान्य झाली. पण लायसन्स राजमध्ये संरक्षणाची भिंत झाली. किती गाड्या काढायच्या ते सरकार ठरवणार, बाहेरून स्पर्धा नाही, गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं नंबरची वाट बघणार. अशा बाजारात नवा गिअरबॉक्स कोण कशाला बनवेल? जुनीच गाडी हातोहात खपत होती.

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली. खालचा गिअर, हलकं स्टिअरिंग, कमी पेट्रोल. प्रीमियरने १९८५च्या सुमारास ११८ एनई काढली, पण तिच्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्सचं तंत्र जपानच्या निस्सानकडून घ्यावं लागलं. ज्या प्रश्नातून कंपनी जन्मली तोच प्रश्न चाळीस वर्षांनी पुन्हा दारात उभा होता. २०००च्या आसपास पद्मिनीचं उत्पादन थांबलं. ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सीही गेली.

मग वालचंद यांचं स्वप्न फसलं का? पूर्ण नाही. कारखाना उभा राहिला की त्याला भाग पुरवणारे छोटे कारखाने उभे राहतात, त्यातून फिटर, टर्नर, डायमेकर तयार होतात. आज पुणे-चाकण पट्ट्यात देशी-विदेशी कंपन्यांच्या गाड्या बनतात. त्यामागे अनेक कारखान्यांची घडवलेली माणसं आहेत आणि कुर्ला त्यातला एक होता.

आणि इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर. वालचंद यांनी तिथे माळरानावर उसाची शेती आणि साखर कारखाना उभा केला. त्यातून मशीन बनवणारा कारखाना आला. आज तिथे साखर आणि सिमेंट कारखान्यांचे, नौदलाच्या जहाजांचे गिअरबॉक्स तयार होतात. पॅडलने बदलायचे नाहीत, पण दाते इथेच कापलेले आहेत.

त्यामुळे मॅन्युअल भारी की पॅडल, यावर तुमचं मत काहीही असू द्या. हातात मजा असेल तर मॅन्युअल घ्या, वेग हवा असेल तर पॅडल घ्या. फक्त पुढच्या वेळी गाडी बघायला शोरूममध्ये गेलात की एक प्रश्न जास्तीचा विचारा, हिचा गिअरबॉक्स कुठे बनतो? उत्तर पुणे आलं, चेन्नई आलं किंवा गुजरात आलं, तर समजा की सोलापूरच्या त्या माणसाने येडशीच्या माळावरून सुरू केलेलं काम थोडं पुढे सरकलं आहे. आणि उत्तर बाहेरच्या देशाचं आलं, तर खोकी अजून यायची थांबलेली नाहीत.